बेचाळिसावा रकाना

माझ्या मोठ्या भावाच्या मरणाची एक नोंद जाड कागदाच्या कार्डावर आहे. नोंद म्हणजे एक भोक, तांदळाच्या कणीएवढं. ते मी पाडलेलं आहे, माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाने, सकाळी अकराच्या सुमारास, कचेरीतला चहा यायच्या थोडं आधी.

असं सांगितलं की ऐकणारे क्षणभर माझ्याकडे बघतात आणि विषय बदलतात. बदलू देत. कोणाची मर्जी सांभाळून बोलायचं वय माझं केव्हाच उलटलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. तेव्हा नागपुरात कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिलेली माणसं मोजकीच होती, आणि त्यांत मी एक असल्यामुळे माझ्या अंगात बराच ताठा होता. वडील लकडगंजात आरागिरणीवर लाकूड कापायचे, घर सक्करदऱ्याला, आणि मी टायपिंगचा क्लास करून एका कॉम्प्युटर केंद्रात कार्डं पंच करायला लागले. या नोकरीचं वर्णन आमच्या गल्लीत कोणालाच नीट करता यायचं नाही. "पोरगी मशीनले भोकं पाडून देते," असं वडील सांगायचे, आणि खरं सांगायचं तर इतकं अचूक वर्णन मी पुढे कुठल्या पुस्तकातही वाचलं नाही.

ती खोली आठवली की अजून माझे तळपाय गार पडतात. बाहेर मे महिन्यात डांबर वितळायचं आणि आत आम्ही स्वेटर घालून बसायचो, कारण मशीनला उकाडा सोसत नव्हता. चपला दाराबाहेर काढायच्या. खिडकी एकही नव्हती. पायाखालची जमीनसुद्धा खरी नव्हती. खऱ्या जमिनीच्या हातभर वर फरशा बसवून मधल्या पोकळीतून जाडजूड वायरी नेल्या होत्या. त्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं की एक बारीक थरथर पायांतून वर चढायची आणि दातांत येऊन थांबायची. नव्या मुली पहिल्या आठवड्यात हळूच विचारायच्या, "खाली कोनी हाय काय वं?" आम्ही जुन्या त्यांना म्हणायचो, "हाव, हाय." थट्टाच होती ती, पण म्हणताना आम्हीही पाय उचलून घ्यायचो.

कॉम्प्युटर म्हणजे आतासारखा टेबलावरचा डबा नव्हता. एक दालन भरून कपाटं होती. पहिलं यंत्र कार्ड वाचणारं, त्याला रीडर म्हणायचे. कार्डावर ऐंशी उभे रकाने असायचे, आणि भोक रकान्यात किती उंचीवर आहे त्यावरून आकडा ठरायचा. ते एका पितळी रुळावरून सरकायचं आणि वरून ऐंशी बारीक तारांचे ब्रश त्यावर टेकलेले असायचे, दर रकान्याला एक. जिथे भोक असेल तिथे ब्रश रुळाला टेकून वीज वाहायची. जिथे भोक नसेल तिथे कागद आडवा यायचा. मशीनला जगातलं एवढंच कळायचं, टेकलं की नाही टेकलं. माणसाचं नाव, गाव, वय, सगळं आम्ही त्या एका प्रश्नात मोडून द्यायचो. मग एक कपाट ते लक्षात ठेवायचं, एक कपाट बेरजा आणि तुलना करायचं, आणि शेवटी प्रिंटर दणादणा ओळी छापायचा.

माझ्या पाठीला पाठ लावून एक वयस्क बाई बसायच्या. आम्ही सगळ्या त्यांना ताई म्हणायचो. मी पंच केलेला गठ्ठा त्यांच्याकडे जायचा. तोच कागद समोर ठेवून त्या तीच अक्षरं पुन्हा दाबायच्या. त्यांचं मशीन भोकं पाडत नसे, फक्त माझ्या भोकांशी ताडून बघे. जुळलं नाही तर लाल दिवा लागून अडायचं. सगळं जुळलं की कार्डाच्या उजव्या कडेला एक खाच पडायची. आम्हा दोघींचं एकमत झालं की मशीनच्या लेखी ते खरं, तिसऱ्या कोणाला विचारायची पद्धत नव्हती.

शहराबाहेरच्या एका इस्पितळाचं काम दर वर्षी आमच्याकडे यायचं. त्याचं नाव मी सांगणार नाही, चूक त्यांची नव्हती. तिथे क्षयाचे रोगी असायचे. बरे होऊन घरी गेलेल्यांनाही वर्षातून एकदा तपासणीला बोलवायचं असे, म्हणून प्रत्येकाच्या नावाचं पोस्टकार्ड आमच्याकडे छापलं जायचं. कार्डाच्या बेचाळिसाव्या रकान्यात रोग्याची स्थिती भरायची. एक म्हणजे उपचार चालू, दोन म्हणजे बरा झाला, तीन म्हणजे वारला.

पंच करणारीचा हात कागद आपला आपण वाचतो. सरावाने असं होतं की डोळा आणि बोट यांच्यामध्ये ती स्वतः उरत नाही. मी तर त्या वेळात रात्रीच्या भाजीचा विचार करत असे. त्या सकाळी माझ्या हाताने एक नाव दाबलं, मग वडिलांचं नाव, आडनाव, सक्करदरा, वय तेवीस, आणि बेचाळिसाव्या रकान्यात तीन. कार्ड सरकून गठ्ठ्यावर पडलं तेव्हा मला ते कळलं. हाताने आधी वाचलं, मी नंतर.

मी ओरडले वगैरे नाही. पुढचं कार्ड आपोआप आलं होतं आणि हात चालूच होता. थोड्या वेळाने मागून ताईंच्या बोटांचा आवाज येऊ लागला. त्यांना माझं आडनाव ठाऊक होतं, पण त्यांचाही हातच वाचत होता. नुसत्या आवाजावरून मला समजायचं की त्या कुठल्या रकान्यावर आहेत. बेचाळिसाव्यावर त्या अडल्या नाहीत. लाल दिवा लागला नाही. कट् असा आवाज होऊन खाच पडली. माझ्या भावाच्या मरणावर दोन बायकांचं एकमत झालं, आणि चहा आला.

भोकांतून पडणारे कागदाचे कपटे मशीनखालच्या पेटीत साठायचे. झाडणारी बाई ते पोत्यात भरून चूल पेटवायला न्यायची. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्या पेटीत हात घालून बसले होते. काय शोधत होते ते मला सांगता येणार नाही, कारण सगळे कपटे सारखेच असतात.

भावाला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, इस्पितळाच्या नोंदी आमच्याकडे उशिराच यायच्या. तो त्याच इस्पितळात श्रावणात गेला. घरी धाकटी बहीण टायफॉइडने पडलेली, आई तिच्या उशाशी. वडील एकटेच गेले, सगळं तिकडेच उरकून आले आणि ओल्या धोतराने ओट्यावर बसून राहिले. आईने त्याला शेवटचं पाहिलंच नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव कोणी घेतलं नाही. असं कोणी ठरवलं नव्हतं. गल्लीत त्याच्याच नावाचा एक मुलगा होता. त्याच्या आईने आमच्या दारावरून जाताना त्याला हाक मारणं सोडलं, आणि हळूहळू त्याला दुसऱ्याच नावाने बोलवायला लागली. पाहता पाहता ते नाव गल्लीतूनच नाहीसं झालं. मी ते इथेही लिहिलेलं नाही, सवय काही मोडत नाही.

आई रडली नाही, हीच आमची भीती होती. दर सोमवारी ती त्याचा निळा शर्ट धुवून तारेवर वाळत घालायची. कोणी न घातलेला शर्ट दोन वर्षं दर आठवड्याला धुतला की कसा दिसतो, ते पाहायला हवं. काखेत घाम नाही, कॉलरला मळ नाही, नुसता रंग निघून जातो. वडील मला बाजूला घेऊन सांगायचे, "तिले वाटते तो दवाखान्यातच हाय. वाटू दे. खरं सांगसान तर ती बी जाईन." मला ते पटलं होतं. आईचं खाणं चिमणीएवढं झालं होतं, आणि ती त्या एका समजुतीच्या आधारावर उभी आहे, तो आधार काढला की कोसळेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

एकदा भाजी निवडताना तिने विचारलं, "तुह्या मशीनीत काय काय रायते वं?"

मी फुशारकीने म्हटलं, "नावं. हजारो माणसाइची नावं."

"त्या दवाखान्यातल्या माणसाइची बी?"

"हाव."

ती देठ मोडत राहिली. मग खाली मान घालूनच म्हणाली, "मंग त्याचं बी असन."

"हाय," मी म्हटलं. बेचाळिसाव्या रकान्याबद्दल बोलले नाही. तेव्हापासून मी कामावरून आले की ती विचारायची, "मशीन बरी हाय नं?" घरातल्या आजारी माणसाची विचारपूस करावी तशी. मी "बरी हाय" म्हणायचे.

मशीनची देखभाल करायला पुण्याकडचा एक इंजिनियर होता, बोलायला गोड आणि स्वतःच्या ज्ञानावर फार खूश. त्याने मला एकदा काढून टाकलेली मेमरी दाखवली. पाटीएवढी चौकट होती, तीत केसांएवढ्या तारांची जाळी, आणि तारा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे मोहरीहून लहान अशी एकेक काळी कडी ओवलेली. तो म्हणाला, "दर कडीत एकच गोष्ट राहते, हो किंवा नाही. चुंबक या अंगाला फिरला तर हो, त्या अंगाला फिरला तर नाही."

"अन् लाइन गेली तर?" मी विचारलं.

"गेली तर गेली. हिला आठवतंच. बंद करून वर्षभर अंधारात ठेवा, आतलं आतच राहतं. गंमत वेगळीच आहे. कडीत काय आहे हे बघायचं तर ते पुसावं लागतं. पुसताना जो झटका बसतो त्यावरून कळतं की आत काय होतं. म्हणून मशीन एकदा वाचलं की लगेच तेच पुन्हा लिहून ठेवतं."

त्याला ही गंमत वाटत होती. मी त्या दिवशी घरी गेले आणि आईसमोर जेवायला बसले. मला वाटलं, ही त्याचं नाव घेत नाही ते याचसाठी. घेतलं आणि पुसलं गेलं तर पुन्हा लिहायची ताकद हिच्यात नाही. मी फार हुशार होते त्या वयात, सगळ्यांची मनं मला वाचता येत होती.

मग खंडेनवमी आली. वडील आरीला हळदकुंकू वाहायचे, तसं आमच्या केंद्रातही ज्याने त्याने आपापल्या यंत्राची पूजा करायची रीत होती. पंच करणाऱ्या मुली पंचिंग मशीनला कुंकू-अक्षता वाहायच्या, प्रिंटरवाला प्रिंटरला हार घालायचा. निघताना आईने माझ्या हातात कुंकवात माखलेल्या अक्षतांची पुडी दिली.

"तुह्या मशीनीवर नको टाकू," ती म्हणाली. "नाव जिथून आत जाते नं, तिथं टाक."

मी स्वतःला मोठी शास्त्रीय बाई समजत होते, त्यामुळे रस्ताभर मनातल्या मनात हसत गेले. पूजा झाली, सगळे पेढे घ्यायला बाहेरच्या खोलीत गेले, आणि मी मागे राहिले. मशीन बंद होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच फरशीतली थरथर थांबली होती, आणि थांबल्यावर ती खोली जास्तच भरलेली वाटत होती. कपाटात, त्या काळ्या कड्यांमध्ये, कोणाची तरी नावं अंधारात तशीच होती. रीडरचं झाकण उघडं होतं. मी पुडी सोडली आणि अक्षता रीडरच्या तोंडावर टाकल्या, बरोबर मधोमध. हात जोडले. काय मागितलं ते मलाही ठाऊक नाही. इतकं आठवतं की मागे वळून न बघता मी भराभर बाहेर आले.

दसऱ्याची सुट्टी झाल्यावर पहिलं काम इस्पितळाच्या पोस्टकार्डांचं होतं. मी दुसऱ्या गठ्ठ्यावर बसले होते. प्रिंटर नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ दणदणत राहिला, आणि ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

आठवड्याने मी संध्याकाळी घरी आले तर आई ओट्यावर बसलेली, मांडीवर एक पोस्टकार्ड. दिवेलागण झाली होती तरी तिने दिवा लावला नव्हता. पोस्टमनने तिला ते वाचून दाखवलं होतं. वर छापील इंग्रजी अक्षरांत माझ्या भावाचं संपूर्ण नाव होतं, आणि खाली मराठीत, की आपण अमुक सोमवारी सकाळी तपासणीसाठी हजर राहावे.

"त्याले बोलावलं," आई म्हणाली. "मशीननं बोलावलं."

मला आधी आनंद झाला, हे मी लपवणार नाही. एक क्षण, पुरता एक क्षण, मला वाटलं की तो आहे, आणि आमचंच काहीतरी चुकलं होतं. मग मला माझं मधलं बोट आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या केंद्राच्या साहेबांना सांगितलं. त्यांनी त्या गठ्ठ्यातली थोडी कार्डं रीडरमधून काढून जसंच्या तसं छापून पाहिलं. नावं होती, गावं होती, वयं होती. बेचाळिसावा रकाना मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरा. इंजिनियरने रीडर खोलला. बेचाळिसाव्या ब्रशखाली तांदळाचा एक लाल दाणा घट्ट बसला होता. त्या ब्रशला रूळ लागतच नव्हता, त्यामुळे कोणाच्याही कार्डात त्या जागी काय आहे ते मशीनला दिसलंच नव्हतं.

प्रोग्राम साहेबांनी स्वतः लिहिलेला होता. त्यात एवढंच होतं की तीन असेल तर सोडून दे, नाहीतर पत्र छाप.

"आणि कोरं असेल तर?" इंजिनियरने विचारलं.

"कोरं कसं असेल? दोघी दोघी तपासतात," साहेब म्हणाले, आणि प्रोग्रामची ती ओळ पुन्हा वाचायला लागले.

कोऱ्याला मशीनने जिवंत धरलं होतं. ज्याचं मरण कोणी सांगितलं नाही तो जिवंत, असा तो हिशेब. मला त्यात परकं काहीच वाटलं नाही, आमच्या घरात दोन वर्षं तोच चालू होता.

मेलेले किती, ते बघायला साहेबांनी गठ्ठा छाटणीच्या मशीनवर घातला. ते मशीन एकच रकाना बघून कार्डं वेगवेगळ्या खणांत टाकायचं. आम्ही सगळ्या काम थांबवून उभ्या राहिलो. एकच्या खणात कार्डं पडत होती, दोनच्या खणात पडत होती, आणि तीनच्या खणातही पडत होती, फट फट फट, थांबतच नव्हती. शेवटी तिथे वीतभर उंचीचा गठ्ठा झाला. ताईंनी पदर तोंडाला लावला. या सगळ्यांना आपण बोलावलं आहे, असं कोणीतरी पुटपुटलं. अक्षता सगळ्यांनीच टाकल्या होत्या, त्यामुळे दाणा कोणाचा हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. "पूजेच्या वेळी झाकण लावत जा," एवढंच साहेब म्हणाले. ब्रश साफ झाला, इस्पितळाला फोन गेला, तिकडून उत्तर आलं की नोटीस लावू. पत्रं तर घरोघरी पोचली होती.

तीनचा तो गठ्ठा पुन्हा मुख्य गठ्ठ्यात मिसळायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यातून भावाचं कार्ड काढून ब्लाउजमध्ये लपवलं आणि त्याच्या जागी हुबेहूब दुसरं पंच करून ठेवलं, बेचाळिसाव्या रकान्यासकट. या वेळी हात वाचत नव्हता, मी वाचत होते.

घरी आईला सांगायचं राहिलं होतं. मी तिच्याजवळ बसून म्हटलं, "आई, थे पत्र चुकून आलं. मशीनीत तांदळाचा दाणा अटकला होता."

"कोणता तांदूळ?"

"तू देल्ला तो."

तिने पोस्टकार्ड उलटून पाहिलं. मग म्हणाली, "मंग चुकून कसं आलं?"

मी उठून ओट्यावर गेले. वडिलांना मी म्हटलं की तिला अडवा, तिथे तिला तोंडावर सांगतील आणि ती तिथेच संपेल. ते आरीची धार बघत होते. "अडवून थांबते काय ती? तू जाय संगं," ते म्हणाले. "मी नाई येत. मी एकडाव जाऊन आलो."

तो सोमवार उजाडला. आईने पहाटे उठून पाटवड्या केल्या, भावाला आवडायच्या म्हणून, आणि डबा भरला. निळा शर्ट घडी करून पिशवीत ठेवला. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली. मी तिच्याकडे बघत होते आणि तिला कुठे धरायचं, कसं सावरायचं, याची मनात तालीम करत होते.

इस्पितळाच्या अंगणात दोन तऱ्हेची माणसं होती. एक खोकणारी, ती व्हरांड्यात रांगेत. दुसरी न खोकणारी, धडधाकट, कडुनिंबांखाली हातात पोस्टकार्ड धरून बसलेली. ऊन स्वच्छ पडलं होतं. झाडांखालची माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. एका बाईने सोबत चादर आणली होती. एका म्हाताऱ्याने चपलांचा एक जोड आणला होता आणि तो समोर मातीत नीट मांडून ठेवला होता, घालणारा आता येऊन पाय घालेल असा. फळ्यावर नोटीस होती, की ज्यांचे रुग्ण वारले आहेत त्यांना पत्र चुकीने गेले आहे. ज्यांना वाचता येत होतं ते उठून जात, नोटीस वाचत, आणि परत येऊन आपल्या जागेवर बसत.

व्हरांड्यात टेबल टाकून एक कारकून बसला होता. त्याच्यापुढे आमच्याच प्रिंटरने छापलेली लांबलचक यादी, आणि तिच्यात जागोजाग लाल पेन्सिलीच्या रेघा. तो रेघा सोडून नावं पुकारत होता. माणसं उठत, आत जात. यादी संपल्यावर त्याने ती घडी केली आणि म्हणाला, "झालं. बाकीच्याइनं घरी जा."

कोणी उठलं नाही. वारा नव्हता, तरी मला थंडी वाजत होती. मग माझ्या शेजारून आई उठली. मी तिचा पदर धरला, तिने तो सोडवून घेतला. ज्या घटकेला आम्ही दोन वर्षं भ्यालो होतो ती ही होती, आणि मी तिच्यामागे धावले.

"साहेब," ती टेबलापाशी जाऊन म्हणाली, "माह्या लेकाचं नाव नाई घेतलं."

कारकुनाने तिच्या हातातलं पत्र पाहिलं, यादी उघडून लाल रेघ पाहिली, आणि माझ्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. "मावशी," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमचा मुलगा..."

"वारला. मले मालूम हाय," आई म्हणाली. "तुमी नाव घ्या."

तो शब्द तिच्या तोंडून मी कधीच ऐकला नव्हता. तिने माझ्याकडे वळून पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत राग होता, शुद्ध राग.

"त्याचा बाप वल्ल्या धोतरानं आला तवाच मले समजलं होतं," ती म्हणाली. "मी काय पागल हाय काय? पण दोन वर्सं झाले, त्याले कोनी हाक नाई मारली. माह्या भेवानं सारे चूप. तुमच्यापाई मी बी चूप. लेकरू जलमलंच नोतं असं घर झालं. म्हनून आली मी. घ्या नं साहेब नाव, मोठ्यानं घ्या."

कारकुनाने घसा साफ केला आणि यादीत होतं तसं वाचलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सक्करदरा, वय तेवीस. भर सकाळी, सगळ्यांना ऐकू जाईल असं. दोन वर्षांनी ते नाव माझ्या कानावर पडलं आणि मी हमसून रडायला लागले, एवढ्या लोकांसमोर.

"हाय," आई म्हणाली. शाळेत हजेरीला म्हणतात तसं.

तेव्हा कडुनिंबाखालचा म्हातारा चपलांचा जोड उचलून टेबलापाशी आला. त्याच्यामागे चादरवाली बाई आली. मग सगळेच उठले. कारकुनाने यादी पहिल्या पानापासून पुन्हा काढली आणि लाल रेघांवरची नावं एकेक करून वाचायला सुरुवात केली. प्रत्येक नावाला कोणीतरी "हाय" म्हणत होतं, बायका, म्हातारे, एक लहान मुलगी. वॉर्डाच्या खिडक्यांत रोगी येऊन उभे राहिले होते आणि खोकायचे थांबले होते. किती वेळ ते चाललं मला सांगता येणार नाही. आईने पाटवड्यांचा डबा एका नर्सच्या हातात देऊन वॉर्डात वाटायला सांगितल्या, आणि आम्ही निघालो.

परतीच्या बसमध्ये शर्टाची पिशवी तिच्या मांडीवर होती. मी ब्लाउजमधून कार्ड काढून तिच्या हातात दिलं. "आई," मी म्हटलं, "मशीनीत त्याचं मरण मीच भरलं. ह्या हातानं."

तिने कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. भोकांतून उन्हाचे ठिपके तिच्या लुगड्यावर पडले आणि बस हलेल तसे हलत राहिले.

"कोणतं वं?" तिने विचारलं. मी बेचाळिसावा रकाना दाखवला.

"एवढुसं?"

"हाव."

"आन हे बाकीचे?"

"त्याचं नाव. बाबाचं नाव. गाव, वय."

"म्हंजे बाकी सारा तोच हाय," आई म्हणाली. मग तिने डाव्या कडेपासून भोकांवरून बोट फिरवायला सुरुवात केली, आणि सक्करदऱ्याचा तलाव दिसेपर्यंत ती ते पुन्हा पुन्हा करत होती. दर वेळी मी दाखवलेलं भोक आलं की तिचं बोट उचललं जायचं, आणि पलीकडच्या रकान्यावर टेकायचं.